घरच्या फ्लाइट सिमला (विमान उडवायच्या सिम्युलेटरला) ५५ इंची टीव्ही, तीन मॉनिटर की व्हीआर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच सांगता येईल. कोथरूडला टू बीएचके, १० बाय १० ची खोली, एका भिंतीला २ फूट खोल टेबल, त्यावर योक (विमानाचं स्टिअरिंग). ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, सध्या २४ इंची १०८०पी मॉनिटर. एमएसएफएस २०२४ (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर) आणि एक्स-प्लेन १२ ही दोन्ही सिम आहेत, बहुतेक वेळ छोट्या सेसना १७२ वर लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, सर्किट मारता (उडून, रनवेला चौकोनी फेरी घालून परत उतरणं) आणि रविवारी कधीतरी ए३२० हे एअरबसचं प्रवासी विमान काढता. बजेट लाखाच्या आत, आणि ५५ इंची फोर-के टीव्ही, ४९ इंची लांबडा कर्व्ह्ड, २७ चे तीन मॉनिटर किंवा क्वेस्ट ३ हा व्हीआर हेडसेट यातलं काय घ्यावं हे ठरत नाहीये.

मी पुण्यात बऱ्याच जणांच्या घरी असे सेटअप लावून दिलेत आणि स्वतःही रोज संध्याकाळी सिमवर असतो, त्यामुळे खालचं सगळं त्या अनुभवातून लिहितोय. प्रत्येकजण सुरुवात "किती इंची" इथून करतो, पण इंच ही शेवटची गोष्ट आहे हो. आधी दोन गोष्टी ठरतात. तुमचा डोळा स्क्रीनपासून नक्की किती लांब येणारे, आणि तुम्ही जे उडवता त्यात मान कुठेकुठे वळवावी लागते. ही दोन उत्तरं मिळाली की चारपैकी दोन पर्याय आपोआप गळतात.

अंतरापासून सुरू करू. टेबल २ फूट आहे म्हणून डोळा २ फुटांवर येईल असं वाटतं, पण योक टेबलाच्या कडेला क्लॅम्प केला की तो पुढे येतो, तो धरायला तुम्ही मागे सरकता, पायात पेडल असतील तर आणखी मागे. भिंतीपासून डोळ्यापर्यंत साधारण ८० ते ९० सेंटीमीटर होतात असं मला बहुतेक घरांत दिसलंय, पण तुम्ही स्वतः खुर्चीत बसून, हात योकवर ठेवून, दुसऱ्या कोणाला तरी टेप धरायला सांगून मोजा. आता हिशोब बघा, तुलनेला तुमच्या यादीत नसलेला ४३ इंची फोर-के टीव्हीही धरतो. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंमी, ८० सेंमीवरून तो तुमच्या नजरेची आडवी ६१ डिग्री व्यापतो. ५५ इंची म्हणजे रुंदी जवळपास १२२ सेंमी, तो १ मीटरवरून ६३ डिग्री. म्हणजे ५५ घेऊन तुम्ही २० सेंमी मागे सरकलात तर मिळालं काय, तर तेवढंच, फक्त खोली भरली. ५५ तेव्हाच घ्यायचा जेव्हा तुमची बसायची जागा मुळातच लांब आहे, किंवा टीव्ही घरातल्या इतरांनाही बघायचाय. तुमच्या खोलीत तो ८० सेंमीवर आला तर कडा बघायला डोळे सतत फिरवावे लागतील आणि फ्युएल गेज बघायला मान खाली घालावी लागेल, तासाभरात थकाल.

उंची हा मुद्दा कोणी विचारात घेत नाही आणि सेसनामध्ये तोच महत्त्वाचा आहे. ४९ इंची ३२:९ (रुंदी:उंची) मॉनिटर दुकानात भव्य दिसतो, पण त्याची उंची २७ इंची साध्या मॉनिटरएवढीच असते, ३४ सेंमीच्या आत. ७५ सेंमीवरून उभी नजर फक्त २५ डिग्री. सेसनाच्या कॉकपिटमध्ये वर काच, खाली पॅनल, तर या २५ डिग्रीत एकतर काच बसते किंवा पॅनल. दोन्ही बसवायला झूम आऊट करावं लागतं, आणि झूम आऊट केलं की ज्या रुंदीसाठी पैसे मोजले तिच्या कडा ताणल्यासारख्या दिसायला लागतात, पंखाखालचा स्ट्रट (आधाराची दांडी) केवढा तरी लांब दिसतो. ४३ इंची टीव्हीची उंची साडेत्रेपन्न सेंमी, ८० सेंमीवरून उभी ३७ डिग्री मिळते, आणि हा फरक पहिल्या टेकऑफलाच जाणवतो. कार रेसिंग करणाऱ्यांना ४९ आवडतो ते बरोबरच आहे, त्यांना आजूबाजूच्या गाड्या दिसायला हव्या असतात. आपल्याला आकाशाच्या जोडीला उंची दाखवणारा ऑल्टिमीटरही दिसायला हवा.

आता मानेचं. तुम्ही लोहगावला रनवे २८ ची लेफ्ट (डावीकडे वळणारी) सर्किट मारता असं धरू. फील्डची उंची १९०० फुटांच्या वर आहे, म्हणजे सर्किट साधारण २९०० ते ३००० फुटांवर. डाऊनविंडला (रनवेला समांतर, उतरायच्या उलट दिशेने उडताना) नाक पूर्वेकडे, डावीकडे खाली विमाननगर, त्याच्या पलीकडे रनवे. रनवेचा थ्रेशोल्ड (उतरायच्या बाजूचं टोक) तुमच्या बरोबर डाव्या खांद्याला आला की तो नाकापासून ९० डिग्रीवर असतो, आणि बेसला (रनवेकडे आणणाऱ्या आडव्या टप्प्याला) वळायचं ते तो ४५ डिग्री मागे गेल्यावर, म्हणजे नाकापासून १३५ डिग्रीवर. आता २७ चे तीन मॉनिटर ६० सेंमीवर ठेवून बाजूचे दोन व्यवस्थित आत वळवले तर सगळे मिळून होतात साधारण १६० डिग्री, म्हणजे डावीकडे ८०. थ्रेशोल्ड तुम्हाला अबीमला, म्हणजे बरोबर खांद्याला असतानाही दिसत नाही, बेसला वळायच्या वेळी तर सोडाच! आणि तुमच्या टेबलावर ६० सेंमी मिळणंच अवघड, अंतर वाढलं की डिग्री अजून कमी. एवढा खर्च करून, तीन पॅनल, तीन केबल, एवढी उष्णता खोलीत घेऊन शेवटी हॅट स्विच (योकवरचं नजर फिरवायचं बटण) दाबूनच डावीकडे बघायचं असेल तर काय उपयोग.

म्हणून माझं ठाम मत आहे की सर्किट उडवणाऱ्या माणसाने पहिला खर्च हेडट्रॅकिंगवर (मान वळवली की सिममधली नजर वळते) करावा, स्क्रीनवर नंतर. आणि हा खर्च शून्यही असू शकतो. ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात न्यूरलनेट ट्रॅकर निवडला की साध्या वेबकॅमवर चालतं, डोक्याला काही लावायला लागत नाही. आऊटपुटला फ्रीट्रॅक निवडा. त्यातल्या कर्व्हवर (मान किती वळली की नजर किती वळेल याचा आलेख) मात्र एक संध्याकाळ द्या, कारण सगळी मजा तिथेच आहे. मधे दोन-तीन डिग्रीचा डेडझोन ठेवायचा म्हणजे सरळ बघताना कॉकपिट हलत नाही, मग हळूहळू चढ, आणि मान साधारण २५ डिग्री वळवली की सिममधली नजर ९० च्या पुढे जायला हवी, ३५ ला १३५. डोळे स्क्रीनवरच राहतात आणि नजर थ्रेशोल्डवर जाते. पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं, मग हाताला न कळता होतं. रात्री खोलीत दिवा मागे असेल तर वेबकॅमला चेहरा दिसत नाही, फ्रेम पडतात आणि नजर थरथरते, तेव्हा मॉनिटरच्या वर किंवा बाजूला एक छोटा दिवा चेहऱ्यावर पडेल असा लावा, बहुतेक तक्रारी तिथेच संपतात. वेबकॅमवर समाधान नाही झालं तर ट्रॅकआयआर किंवा टोबी आयट्रॅकर आहेत, जास्त स्थिर आहेत, पण आधी फुकटातलं वापरून बघा आणि मग ठरवा.

तीन मॉनिटर वाईट असं माझं म्हणणं नाही. खोली कायमची सिमसाठी असेल, कॉकपिटची फ्रेम असेल, टॅक्सी करताना आणि पॅटर्नमध्ये बाजूचं आकाश सतत डोळ्याच्या कोपऱ्यात हवं असेल तर त्यासारखं काही नाही, वेग आणि बँक दोन्ही न बघता कळतात. पण कार्डाचा विचार करा. फोर-के म्हणजे ८३ लाख पिक्सेल. २७ चे तीन १४४०पी म्हणजे १ कोटी १० लाख. वर प्रोसेसरवरचा ताण. एनव्हिडियाच्या सराऊंडने तिन्ही जोडून एकच लांब चित्र केलं तर बाजूच्या मॉनिटरवर सगळं ताणलेलं दिसतं, आणि एक्स-प्लेनमध्ये प्रत्येक मॉनिटरला वेगळा अँगल देऊन बरोबर लावलं तर दृश्य तीनदा काढावं लागतं आणि मुंबईच्या विमानतळावर फ्रेम कोसळतात. ४०७० ची मेमरी १२ जीबी, तीही भरते. शिवाय बारीक गोष्ट, तुमच्या कार्डाला बहुधा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एकच एचडीएमआय असेल, आणि स्वस्त मॉनिटरला पुष्कळदा एचडीएमआयच असतं, म्हणजे कन्व्हर्टर आले.

व्हीआरबद्दल. यात मात्र मला मनापासून आनंद आहे, कारण फ्लेअर (टेकायच्या आधी नाक उचलणं) कधी करायचा हे जसं हेडसेटमध्ये कळतं तसं कुठल्याही सपाट काचेवर कळत नाही. दोन्ही डोळ्यांमुळे जवळ-लांब कळतं, कॉकपिट खऱ्या मापाचं दिसतं, आणि १३५ डिग्रीवर बघायचं तर खरंच मान वळवायची. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जाऊन आलेले, ग्लायडर किंवा हेलिकॉप्टर उडवणारे कोणी विचारलं तर मी पहिलं व्हीआरच सांगतो. पण तुमच्यासाठी अडचण अशी की क्वेस्ट ३ मध्ये एका डिग्रीला साधारण २५ पिक्सेल येतात आणि ४३ इंची फोर-के ८० सेंमीवर साठाच्या वर. ए३२० मध्ये एमसीडीयूवरची (फ्लाइट कॉम्प्युटरच्या छोट्या स्क्रीनवरची) अक्षरं वाचायला पुढे वाकावं लागतं. चार्ट बघता येत नाहीत, पेन-कागद नाही, योकवरची बटणं अंदाजाने शोधायची, एप्रिल-मे मध्ये तोंडावर घाम. ४०७० वर एमएसएफएस २०२४ व्हीआरमध्ये चालतं पण सेटिंग बरीच खाली आणून. आणि काहींना गरगरतं, ते कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे कोणाकडे तरी अर्धा तास लावून, दोन-तीन टाइट टर्न मारून बघितल्याशिवाय घेऊ नका. एक इशारा पण देतो, जुन्या बाजारात एचपी रिव्हर्ब जी२ स्वस्तात दिसेल, पॅनल सुंदर आहे, पण तो विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीवर चालायचा आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ पासून ते काढूनच टाकलंय. विकणारा हे सांगेलच असं नाही.

तर तुमच्या परिस्थितीत मी ४३ इंची फोर-के लावेन, सोबत ओपनट्रॅक, आणि तुमचा सध्याचा २४ इंची फेकायचा नाही, तो बाजूला ठेवायचा. एमएसएफएसमध्ये उजवा ऑल्ट धरून सेसनाच्या जी१००० या डिजिटल पॅनलवर किंवा ए३२० च्या डिस्प्लेवर क्लिक केलं की ते वेगळ्या खिडकीत निघतं, ती खिडकी या मॉनिटरवर टाकली की मुख्य स्क्रीनवर सारखं खाली बघावं लागत नाही. याने थोडे फ्रेम जातात, त्यामुळे एक-दोनच काढा, सगळे नको.

पैसे द्यायच्या आधी एक चाचणी घरच्या घरी करा. सध्याच्या १०८०पी मॉनिटरवरच सिममध्ये रेंडर स्केल २०० करा, म्हणजे आत ३८४० बाय २१६० तयार होतं, बरोबर फोर-के एवढंच काम कार्डाला पडतं. तुमच्या नेहमीच्या सेटिंगवर लोहगावहून सर्किट मारा, मग मुंबईला ए३२० घेऊन उतरा. डेव्हलपर मोडमधला फ्रेम काउंटर चालू ठेवा, तो सिम मेनथ्रेडमुळे (प्रोसेसर) अडकतोय की जीपीयूमुळे (ग्राफिक्स कार्ड) हे लिहून दाखवतो. मेनथ्रेड असेल तर अडचण प्रोसेसरची आहे आणि फोर-के केल्याने फार काही बिघडणार नाही. जीपीयू असेल तर डीएलएसएस क्वालिटीवर ठेवावं लागेल, मग आत १४४०पी काढून ते फोर-के करतं. बाहेरचं दृश्य छान राहतं, फक्त काचेच्या डिस्प्लेवरचे पळते आकडे थोडे पुसट होतात. आणि ६० फ्रेमचा हट्ट धरू नका. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ३० ला लॉक केलेलं, एकसारखं चाललेलं चित्र हे ३५ ते ५५ मधे उड्या मारणाऱ्यापेक्षा कितीतरी बरं दिसतं, विमान काही कार नाही.

टीव्ही घ्यायला जाताना लॅपटॉप सोबत न्या. एचडीएमआय लावा, टीव्हीला इनपुटचं नाव पीसी द्या, गेम मोड चालू करा, आणि काळ्या बॅकग्राउंडवर बारीक लाल अक्षरं लिहून बघा. अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या किंवा पसरलेल्या दिसल्या तर तो टीव्ही रंग अर्धेच घेतोय, पूर्ण ४:४:४ देत नाहीये, आणि उद्या ऑल्टिमीटरची छोटी अक्षरं तशीच दिसणार, तो घेऊ नका. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे, तुम्ही रोज तासन् तास बघणार आहात. मोशन स्मूदिंग बंद, शार्पनेस शून्याच्या जवळ, ओव्हरस्कॅन बंद. पॅनल शक्यतो आयपीएस, कारण ८० सेंमीवरून व्हीए पॅनलचे कोपरे फिके दिसतात आणि रात्रीच्या फ्लाइटमध्ये मान वळवली की काळ्यात काळी शेपूट राहते. ओएलईडी दिसायला सगळ्यात सुंदर, पण आपलं पॅनल तासन् तास एकाच जागी स्थिर असतं, छाप राहायची भीती आहे, मी सिमसाठी सुचवत नाही.

लावताना सगळ्यात जास्त गडबड उंचीची होते. वॉल माउंट बसवणारा येतो आणि हॉलमधल्या टीव्हीसारखा वर लावून जातो. विमानात क्षितिज नेहमी डोळ्याच्या पातळीला असतं, म्हणून टीव्हीचा वरचा एक तृतीयांश भाग डोळ्यासमोर यायला हवा आणि खालची कड टेबलाच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली, योकमागे थोडी लपली तरी चालेल. भिंतीला भोकं पाडायच्या आधी जुन्या पेपरची पानं जोडून टीव्हीच्या मापाचा कागद कापा, चिकटपट्टीने भिंतीवर लावा, योक धरून बसा आणि वरखाली सरकवून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे. माउंट, लांब केबल, छोटा दिवा हे सगळं तापकीर गल्लीत मिळून जाईल. खोलीला पश्चिमेची खिडकी असेल तर टीव्ही तिच्या समोर येऊ देऊ नका, दुपारी चारनंतर काही दिसणार नाही.

मग झूम. एक्स-प्लेनमध्ये लॅटरल फील्ड ऑफ व्ह्यू सरळ डिग्रीत टाकता येतो, ६१ टाका. एमएसएफएसमध्ये स्लायडर आहे, आकडा नाही, तिथे मी पट्टी वापरतो. जुन्या डायलवाल्या सेसनामध्ये एअरस्पीडच्या डायलचं भोक खऱ्या विमानात ३ पूर्णांक १/८ इंच असतं, ८ सेंमीच्या आसपास. तुमचा डोळा आणि स्क्रीन यातलं अंतर आणि खऱ्या सेसनात डोळा आणि पॅनल यातलं अंतर जवळपास सारखंच आहे, म्हणून स्क्रीनला पट्टी लावून डायल ८ ते ९ सेंमी दिसेपर्यंत झूम हलवा. जी१००० असेल तर त्याचा स्क्रीन १०.४ इंची, म्हणजे कर्ण २६-२७ सेंमी. हा झूम पहिल्यांदा फार जवळचा वाटतो, अर्धं पॅनल बाहेर जातं, आणि म्हणूनच बहुतेकजण झूम आऊट करून उडवतात. मग फायनलवर (रनवेसमोरच्या शेवटच्या टप्प्यात) रनवे खऱ्यापेक्षा लहान आणि लांब दिसतो, फ्लेअर उशिरा होतो आणि लोक आपल्या लँडिंगला दोष देतात, खरं तर दोष झूमचा असतो. मी दोन झूम सेव्ह करून योकच्या दोन बटणांना दिलेत, क्रूझला मोकळा आणि बेसपासून पुढे खरा. तुम्हीही करा, आठवडाभरात लँडिंगमध्ये फरक दिसेल.

चष्म्याचं तुम्ही लिहिलं नाही. चाळिशीचा, प्रोग्रेसिव्ह असेल तर ८० सेंमी हे अंतर जवळ आणि लांब यांच्या मधे पडतं, पॅनल नीट दिसायला हनुवटी वर करून बसावं लागतं आणि त्यात हेडट्रॅकिंगही वर बघतंय असं समजतं. अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांना टेपने मोजलेलं अंतर सांगून त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतलेला बरा.

तेव्हा योक धरून मोजलेलं अंतर, २०० रेंडर स्केलवर फ्रेम काउंटर मेनथ्रेड दाखवतो की जीपीयू, आणि चष्मा आहे का, एवढं कळवा. अंतर १ मीटरच्या वर निघालं तर ५५ चा विचार पुन्हा करू, आणि ७० च्या आत आलं तर ४३ ऐवजी ३२ इंची फोर-के मॉनिटर बघावा लागेल.